मैना टॉनिक घेत नाही

अंबाडी नाक्यावर माझं औषधांचं दुकान आहे. एकवीस वर्षं झाली. या काउंटरवर मी जो शब्द सगळ्यात जास्त वेळा ऐकला तो टॉनिक. भूक लागत नाही, टॉनिक द्या. पोरगं अभ्यासात मागं पडतंय, डोक्याचं टॉनिक द्या. केस गळतात, म्हैस आटली, बाळंतीण सुकली, सगळ्यांना टॉनिकच हवं. शेजारच्या शेती केंद्रात लोक भेंडीसाठी टॉनिक मागतात. समोरच्या देशीच्या दुकानाकडे वळताना, आमचं टॉनिक तिकडं मिळतं, असं मला सांगून जाणारेही रोजचे आहेत. नातवंडं सुट्टीला आली की म्हातारी उठून बसते, तेव्हा घरातले म्हणतात तिला टॉनिक मिळालं. मला या शब्दाचं कधी काही वाटलं नाही. कोणी मागितलं की पाठीमागच्या फळीवर हात जायचा आणि जी बाटली हाताला लागेल ती मी पिशवीत घालायचो.

दिघाशीच्या मैना भोईरने माझा तो हात थांबवला. आज ती चौतीस वर्षांची आहे. तिची आणि माझी ओळख झाली तेव्हा एकोणीस वर्षांची होती.

मैना जन्मापासून काटकुळी. तिचा बाप लडकू भाताची थोडी जमीन करायचा आणि उरलेले महिने दुसऱ्याचा टेम्पो चालवायचा. आई रंगूबाई भाजीची पाटी घेऊन नाक्यावर बसायची. मैना दिसायला किडकिडीत, पण भाताची रोपं लावायला, आवणीला, उभी राहिली की शेजारणीच्या दोन मुठी पुढे असायची. विहिरीवरून दोन हंडे डोक्यावर आणि एक कमरेवर घेऊन चढण चढताना तिला कधी धाप लागली नाही.

लडकू संध्याकाळी, जरा टॉनिक मारून येतो, असं म्हणून घराबाहेर पडायचा आणि परत आला की भांडी अंगणात जायची. त्यामुळे टॉनिक म्हणजे हेच, असं मैनाला लहानपणी वाटायचं. दुसरीत असताना शाळेत तपासणीला डॉक्टर आले आणि त्यांनी बाईंना सांगितलं की ह्या मुलीला टॉनिक सुरू करा. मैना दप्तर टाकून घरी पळाली आणि भाताच्या कणग्यामागे लपून बसली. रंगूबाई हा किस्सा अजून हसत सांगते. मैना कधी त्याला हसत नाही.

बारावीनंतर तिला बघायला येऊ लागले. दुसरं स्थळ कुमारचं. तो कामतघरला कापड विणायच्या लूमच्या एका कारखान्यात फिटर होता. त्याच्यासोबत त्याची आत्या आली होती, तीही कामतघरलाच राहायची. पोहे झाले, प्रश्न झाले. निघताना आत्याने मैनाचा दंड दोन बोटांत धरला, सगळ्यांसमोर जरा दाबून बघितला आणि रंगूबाईला म्हणाली,

"पोरगी नाकीडोळी बरी हाय. पन टॉनिक पाजा तिला. दोन-अडीच म्हयन्यांनी परत येतो."

जाता जाता तिनेच एका डॉक्टरचा पत्ता दिला. कामतघरमध्ये अर्धे लूमवाले त्याच्याकडेच जातात, म्हणाली. सुकलेली माणसं पंधरा दिवसांत भरतात.

रंगूबाई पुढच्याच सोमवारी मैनाला घेऊन तिथे गेली. दवाखान्याला पाटी नव्हती, दाराला हिरवा पडदा होता. शेजारी लूमचा खडखडाट एवढा की पेशंटला आपलं दुखणं ओरडून सांगावं लागायचं. डॉक्टरने मैनाची जीभ बघितली, पोट दाबलं आणि एक बाटली दिली. आत चॉकलेटी रंगाचं गोड पाणी, बाहेरून डोस मोजायला कात्रीने दात पाडलेली कागदी पट्टी चिकटवलेली. त्याबरोबर कागदाच्या पुडीत बारीक पांढऱ्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ एकेक. बाटलीवर नाव नव्हतं. मैनाने विचारलं की हे काय आहे. डॉक्टर म्हणाला, ताकद की दवा, बेटी.

आठ दिवसांत तिला भूक लागू लागली. एका वेळी पाच-पाच भाकऱ्या जाऊ लागल्या, दुपारी झोप आवरेना. गाल वर आले. महिन्याभरात चेहरा इतका गोल झाला की रस्त्यात बायका थांबून रंगूबाईला विचारायच्या, काय दिलंस पोरीला. रंगूबाई पत्ता सांगायची. मैनाचे हात मात्र होते तसेच राहिले. रंगूबाईने कोपरापर्यंतच्या बाह्यांचे दोन ब्लाउज शिवून घेतले.

आत्या परत आली तेव्हा चेहरा बघूनच खूश झाली. साखरपुडा झाला. लग्न पाच महिन्यांनी ठरलं.

साखरपुड्यानंतर गोळ्या संपल्या म्हणून रंगूबाई कामतघरला गेली, तर हिरव्या पडद्यामागे कुलूप. डॉक्टर गावाला गेला होता, कधी येईल ते कोणाला माहीत नव्हतं. चार-आठ दिवस नाही घेतलं तर काय होतंय, असा विचार करून ती परत आली. चौथ्या दिवशी मैनाला उलट्या सुरू झाल्या. पाचव्या दिवशी ती अंगणात पडली आणि उठवूनही उठेना. लडकूने टेम्पोत घालून तिला सरकारी दवाखान्यात आणलं.

तिथे माझी मोठी बहीण धम्मदिना स्टाफ नर्स होती. मैनाचा बीपी लागत नव्हता. डॉक्टर मॅडमनी सलाईन लावता लावता विचारलं की काय औषध चालू होतं. रंगूबाई म्हणाली, औषध काही नाही, नुसतं टॉनिक. कसलं टॉनिक? ताकदीचं. कोणी दिलं, नाव काय, ह्यातलं काहीच तिला सांगता येईना. धम्मदिनाने तिच्या पिशवीतला पुडीचा कागद काढला. तळाला अर्धी गोळी चिकटून राहिली होती. तो कागद घेऊन तिने लडकूला माझ्याकडे पाठवलं.

मी गोळी ओळखली. ती स्टेरॉइडची होती. ते औषध वाईट नाही, दम्याच्या माणसाचा जीव वाचवतं. पण ते रोज बाहेरून मिळायला लागलं की शरीर स्वतःचं तयार करणं सोडून देतं, आणि मग एकदम बंद केलं तर माणूस कोसळतो. मी फोनवर बहिणीला सांगितलं. मॅडमना तसा संशय आलाच होता. मैना वाचली.

ती गोळी मी इतक्या पटकन का ओळखली, ते सांगायला हवं. ती माझ्या काउंटरच्या खालच्या खणात होती. भूक लागायची ती बारीक गोळी द्या, असं कोणी म्हणालं तर मी चिठ्ठी न बघता देत होतो.

महिन्याभराने मैना स्वतः दुकानात आली. गोळी एकदम बंद करायची नव्हती, हळूहळू कमी करायची होती. मॅडमनी तशी चिठ्ठी लिहून दिली होती. मी खणातून पाकीट काढलं. ती खणाकडे बघत होती.

"दादा, ही गोळी तुम्ही चिठ्ठीबिगर देता?"

"नाही देत," मी म्हणालो.

ती तिथेच उभी राहिली. गिऱ्हाईक तिच्या मागे थांबलं होतं.

"देत होतो," मी म्हणालो.

"आता?"

"आता नाही देणार."

तिने मान हलवली आणि चिठ्ठीवरचं आणि पाकिटावरचं नाव अक्षर-अक्षर जुळवून बघितलं. मग पाकिटावरचं बाकी सगळं मला वाचून दाखवायला लावलं. त्यासाठी मला चष्मा लावावा लागला. एकवीस वर्षांत मी जी काही थोडी वाक्यं स्वतःहून पाळली, त्यातलं ते 'आता नाही देणार' एक. दोन-चार गिऱ्हाइकं पलीकडच्या दुकानात गेली, ती गेलीच.

गोळी कमी होत गेली तसा तिचा चेहरा उतरला. दोन महिन्यांत ती होती तशी झाली. लग्नाच्या याद्या करायला आत्या आणि कुमार दिघाशीला आले तेव्हा ओटीवर चहा घेऊन मैनाच आली. आत्याने कप घेतला नाही. ही आम्ही पसंत केलेली मुलगी नाही, म्हणाली. आम्हाला फुगवून दाखवली आणि आता ही अशी पदरात घालताय. रंगूबाई रडायला लागली. लग्न झालं की परत टॉनिक सुरू करू, हवं तर मीच आणून देत जाईन, असं हात जोडून सांगू लागली.

मैनाने ट्रे खाली ठेवला.

"तुम्ही पसंत केली ती सूज व्हती," ती आत्याला म्हणाली. "ती उतरली. मी ही अशी हाय."

मग ती कुमारकडे वळली. पत्ता तुमच्या आत्यानेच दिला होता, त्या डॉक्टरकडे काय देतात ते तुम्हाला माहीत होतं का, असं तिने विचारलं. कुमारने खाली बघतच सांगितलं की कारखान्यात सगळेच घेतात, कोणाला काही होत नाही.

"मग तुम्ही घ्या. मी न्हाय घेनार. आनी लगीन पन न्हाय करनार."

तिने बोटातली अंगठी काढून चहाच्या कपांशेजारी ठेवली. आत्या लडकूकडे बघून म्हणाली की बाप गप्प कसा बसलाय, पोरीला आवरा. लडकू दारात उभा होता. तो पाहुण्यांना एवढंच म्हणाला की चहा निवतोय, तो प्या आणि निघा. आपल्या बापाने आपल्या बाजूने तोंड उघडलेलं मैनाने तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. पुढे काही वर्षांनी तो गेला. दारू सुटली नाही. पण त्या दिवसाबद्दल ती त्याला मानते.

एवढ्यावर ती थांबली नाही. रिकामी बाटली घेऊन ती एकटी कामतघरला गेली. डॉक्टर परत आला होता. बाकड्यावर दहा-बारा माणसं बसलेली, बहुतेक लूमवर काम करणारी, कपड्यांवर कापसाची पांढरी लव. मैना त्यांच्यातच नंबर लावून बसली. नंबर आल्यावर तिने बाटली टेबलावर ठेवली आणि ह्यात काय घालता ते कागदावर लिहून द्या, असं सांगितलं. डॉक्टरने आधी हसण्यावारी नेलं, मग आवाज चढवला, मग पुढच्या पेशंटला बोलावलं. तेव्हा मैना उठून बाकड्यावरच्या माणसांकडे वळली आणि स्वतःला काय झालं ते मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. ये टॉनिक नहीं है, म्हणाली, इसका नाम भी ये नहीं बताता.

कोणी उठलं नाही. एक पिकल्या केसांचा माणूस कोपऱ्यात बसला होता. तो शांतपणे म्हणाला,

"मालूम है, बहन. बारह घंटा खड़े रहने का है. ये नहीं लेगा तो कैसे खड़ा रहेगा?"

मैना तशीच बाहेर पडली. परत येताना नाक्यावर उतरून ती माझ्या दुकानाच्या पायरीवर बसली आणि हे सगळं मला सांगितलं. त्या डॉक्टरवर ती चिडली होतीच, पण तिच्या मनात घर केलं ते त्या माणसाने. त्याला काय सांगायचं, असं तिने मला दोन-तीनदा विचारलं.

तिने स्वतःपुरता उपाय केला तो असा, की ज्याला टॉनिक म्हणतात ते काहीही घ्यायचं नाही. मैत्रिणीने केसांचं टॉनिक आणलं, ते तिने परत दिलं. भाऊ विपुलने भेंडीवर मारायला टॉनिक आणलं. त्या डब्यावर चकाकणारी हिरवी भेंडी होती आणि आत काय आहे ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. मैनाने तो डबा स्वतः शेती केंद्रात नेऊन ठेवला आणि नाव लिहिलेलं काही असेल तर द्या म्हणाली. विपुल आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. गावात तिच्यावर विनोद व्हायचे. कोणी नुसतं दमलो म्हणालं तरी दुसरा म्हणायचा, टॉनिक घे, मैनाला सांगू नको. लग्नाची बोलणी पुढेही आली. मैना आधीच विचारायची की मुलगी बघायला येताय की वजन करायला. मग ती बोलणी पुढे जात नसत.

बाविसाव्या वर्षी ती वाडा रोडवरच्या एका गोडाऊनमध्ये कामाला लागली. ऑनलाइन मागवलेला माल तिथे उतरतो आणि तिथून ट्रकमध्ये चढतो. फाटकावर ठेकेदाराच्या माणसाने तिला बघून मान हलवली, ये वजन नहीं उठा पाएगी. मैनाने शेजारची दोन खोकी एकावर एक उचलली, शेडच्या दुसऱ्या टोकापर्यंत नेली, परत आणली आणि होती तिथे ठेवली. मग त्याच्या वहीकडे बोट दाखवून म्हणाली, अब नाम लिखो.

तिथे ती टिकली. स्कॅनिंग शिकली, पॅकिंग शिकली, नव्या बायकांना शिकवू लागली. तिच्या लाइनवरची चंद्रा तिची जिवाची मैत्रीण झाली.

तीन वर्षांपूर्वी मैनाला जिना चढताना थांबावं लागू लागलं. केस झडत होते, नखं चमच्यासारखी आत वळली होती. ती सुपातले कच्चे तांदूळ मुठीने खायची. पाळी आली की पहिले चार दिवस फार जायचं, पण ते तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. रंगूबाई काकुळतीला येऊन म्हणायची की काहीतरी टॉनिक घे. तो शब्द ऐकला की मैना उठून जायची. मीही एकदा म्हणालो होतो. तेव्हा तिने माझ्याकडे असं बघितलं की पुन्हा म्हणालो नाही. तिथे मी चुकलो. विषय सोडायला नको होता.

शेवटी रंगूबाईचा बीपी दाखवायला ती सरकारी दवाखान्यात गेली असताना धम्मदिनाने तिला बघितलं. खाली बसवलं आणि डोळ्याची खालची पापणी ओढली. आतून कागदासारखी पांढरी. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन पाच पूर्णांक आठ. बहीण मला नंतर म्हणाली की एवढ्या रक्तावर ही बाई दहा तास खोकी उचलत होती, तिला रागवावं की नमस्कार करावा ते मला कळेना. तिने रागवायचं ठरवलं.

"टॉनिक न्हाय घेनार मी, सिस्टर," मैना आधीच म्हणाली.

"मी तो शब्द उच्चारला का?" धम्मदिना म्हणाली, आणि गोळ्यांची पट्टी तिच्यासमोर ठेवली. "वाच."

मैनाने पट्टी उलटी केली आणि बारीक इंग्रजी अक्षरं लावून लावून वाचली. मग प्रश्न सुरू झाले. फेरस म्हणजे काय? लोह. ते का कमी झालं? किती दिवस घ्यायचं? काय त्रास होईल? धम्मदिनाने सांगितलं की शी काळी होईल, कधी पोट साफ होणार नाही, चहाबरोबर घ्यायची नाही. बाहेर रांग वाढत होती, तरी ती एकेक उत्तर देत राहिली. मैनाचा खरा प्रश्न सगळ्यात शेवटी आला.

"मधीच बंद केली तर मी पडेन?"

"नाही. लोह हळूहळू कमी होईल, पण तू अशी कोसळणार नाहीस. ही गोळी तुझ्या शरीराचं काम बंद पाडत नाही."

मैनाने पट्टी पिशवीत ठेवली. मग म्हणाली की रक्त एवढं जातंय ते का जातंय, ते कोण बघणार. धम्मदिनाने तेव्हाच तिची सोनोग्राफी लिहून घेतली. गर्भाच्या पिशवीला दोन गाठी निघाल्या. आधी सलाईनमधून लोह दिलं, मग गाठींचं ऑपरेशन झालं, मग गोळ्या. पाच महिन्यांत हिमोग्लोबिन साडेअकरावर आलं. रिपोर्ट दाखवायला ती दुकानात आली होती.

"इतकी वर्सं मी एका शब्दावर रुसून बसले व्हते, दादा," म्हणाली. "रुसायचं व्हतं ते नाव न सांगनाऱ्यावर."

गेल्या वर्षी मे महिन्यातली गोष्ट. गोडाऊनचं छप्पर पत्र्याचं. दुपारी आत उभं राहवत नाही. एका आठवड्यात चार बायका चक्कर येऊन पडल्या, त्यात चंद्रा होती. पडताना तिचं कपाळ रॅकच्या कडेवर आपटलं, तीन टाके पडले. मग ऑफिसने आरोग्य शिबिर ठेवलं. फाटकावर फलक लागला, टेबलावर पांढरी चादर पसरली आणि प्रत्येक बाईला टॉनिकची एकेक बाटली वाटायला सुरुवात झाली. ना कोणाचं रक्त तपासलं, ना बीपी. बाटली हातात घेऊन फोटो काढायचा होता.

मैनाने आपल्या बाटलीचं लेबल वाचलं आणि तिथूनच मला फोन लावला. वाचते ते ऐका, म्हणाली. साखर, रंग, वास, थोडी जीवनसत्त्वं. लोह किती ते तिने दोनदा वाचलं. एका चमच्यात जे होतं ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या एका गोळीच्या विसाव्या भागाएवढंही नव्हतं. मी तसं सांगितलं. तिने फोन बंद न करता हातात धरला, म्हणून पुढचं मी माझ्या कानांनी ऐकलं.

सुपरवायझर तिला फोटोसाठी पुढे बोलावत होता. ती त्याला मराठीत म्हणाली,

"साहेब, चंद्राला चक्कर आली ती ताकद न्हाय म्हनून न्हाय. ती सकाळी सातपासून उभी व्हती. पानी पीत नव्हती, कारन पानी प्यायलं का बाथरूमला जावं लागतं, आनी तुम्ही दोन वेळच्या वर सोडत न्हाय. हे घ्या तुमचं टॉनिक. आमाला बसायला स्टूल द्या, पंखे द्या, बाथरूमला सोडा."

टेबलावर काच ठेवल्याचा आवाज आला. मग दुसरा. तो चंद्राचा होता, हे मला नंतर कळलं. त्यानंतर आवाज येत राहिले. साठ बायकांपैकी एक्केचाळीस जणींनी बाटल्या परत ठेवल्या. बाकीच्या घेऊन गेल्या. मैनाने त्यांना नावं ठेवली नाहीत. घरी लहान पोरं आहेत, गोड लागतं, पितील, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फाटकावर तिला आत सोडलं नाही. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, तुझं नाव कमी झालंय. ती गेली नाही, फाटकाच्या बाजूला पिंपळाखाली बसली. चंद्रा तिच्याजवळ येऊन बसली. मग बाकीच्या आल्या तशा बसत गेल्या. आत माल तसाच पडून राहिला, बाहेर ट्रकची रांग वाडा रोडवर आली. दुपारी एकच्या सुमारास ऑफिसमधून माणूस आला आणि सगळ्याजणी आत या, म्हणाला. मैनाने विचारलं, सगळ्या म्हणजे मीपण का. तो हो म्हणाला. तिने ते ठेकेदाराच्या माणसाच्या वहीत लिहून घेतलं आणि मगच उठली.

पंधरा दिवसांत सहा मोठे पंखे आले. साठ जणींना बारा स्टुलं आली, ती आळीपाळीने वापरतात. बाथरूमला जाताना विचारावं लागत नाही. दुसरं बाथरूम बांधून देऊ म्हणाले होते, त्याचा नुसता चौथरा झालाय. मैनाला पॅकिंगवरून काढून जड मालाच्या लाइनवर टाकलं. वॉशिंग मशिनची खोकी असतात तिथे. ती कंटाळून जाईल असं त्यांना वाटलं असावं. खोकं दोघींच्या जोडीने उचलायचं, एकटीने नाही, असा नियम तिथे बसवून घेण्याच्या ती मागे लागली आहे.

धम्मदिना आता रिटायर झाली. तरी दर दोन महिन्यांनी एका रविवारी ती गावच्या आरोग्य सेविकेला सोबत घेऊन दिघाशीच्या शाळेत बसते. गोडाऊनच्या बायका येतात, बोटाला सुई टोचून घेतात. मैना शेजारी वही घेऊन बसलेली असते. आकडा मोठ्याने वाचून दाखवते, प्रत्येकीला तो पाठ करायला लावते. पहिल्या रविवारी चौदा जणी आठच्या खाली निघाल्या. त्यांतल्या नऊ जणी आता दहाच्या वर आहेत. दोघींनी गोळ्या मध्येच सोडल्या, त्यांच्या घरी मैना दोनदा जाऊन आली, एकीने दार उघडलं नाही.

गेल्या मंगळवारी ती बाथरूमच्या चौथऱ्याबद्दलचा अर्ज घेऊन दुकानात आली होती. शुद्धलेखन बघा म्हणाली. मी दोन वेलांट्या बदलल्या. तिने तिथेच फोनवर शब्द शोधले आणि त्यांतली एक माझी चूक निघाली. ती खोडून तिने स्वतःची होती तशी लिहिली, खाली सही केली आणि बाकीच्या एकोणसाठ बायकांच्या सह्या घ्यायला निघून गेली.